दाबलं तरी काही होऊ नये असं बटन कसं बनवावं

पणजीतल्या पाटोवरच्या काचेच्या ऑफिसांतून बसणाऱ्या, पर्वरीच्या फ्लॅटमधून कंत्राटं घेणाऱ्या आणि आताच कॉलेजातून डिग्री घेऊन बाहेर पडलेल्या तमाम वेब डेव्हलपरांनो, फंक्शन, म्हणजे नावानं बोलावता येणारा कामाचा तुकडा, लिहिणं तुम्हाला जमतं याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण ते एका फाइलीत लिहून दुसऱ्या पानावरून बोलवायचं म्हटलं की तुमची प्रतिभा खरी फुलते. गणेश चवथीच्या तोंडावर ती मला फार जवळून पाहायला मिळाली. तेव्हापासून चार गोष्टी सांगाव्यात असं मनात होतं. फुकट आहेत, निविदा काढायला नको.

सुरुवात स्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडच्या, जागेपासून करू. स्क्रिप्ट पानाच्या डोक्यावर, हेडमध्ये ठेवा आणि तिथूनच बटनाला हाक मारा. ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट बटन शोधायला निघते तेव्हा बटन अजून जन्माला आलेलं नसतं. बटन शोधून देणारा गेटएलिमेंटबायआयडी हातावर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवतो आणि तुम्ही त्या नलला क्लिक कसं झेलायचं ते शिकवत बसता. स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ‘डीफर’ एवढा एक शब्द घातला की सगळं पान वाचून झाल्यावर स्क्रिप्ट चालते, दिलेल्या क्रमानं चालते. म्हणून तो घालू नका. त्याच्याऐवजी सगळ्या फाइलींना ‘असिंक’ घाला. मग जी फाइल आधी उतरेल ती आधी चालते. पाटोच्या फायबरवर जेक्वेरी, म्हणजे डॉलरच्या खुणेनं बोलवायची आयती फाइल, वेळेत पोचते आणि डेमो झकास होतो. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावात, जिथं रेंजची एकच दांडी असते आणि तीही अंगणाच्या एका कोपऱ्यात, तिथं तुमची चिमुकली फाइल आधी पोचते, ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ म्हणते आणि आडवी होते. काळजी नको, डेमोच्या दिवशी साहेब पाटोवरच असतात.

ठरलेल्या वेळानं काम करवणाऱ्या सेटटाइमआउटला फंक्शन देताना नावापुढचे कंस विसरू नका. पाच सेकंदांनी व्हायचं ते आत्ताच उरकतं.

फंक्शनांना नावं चारच ठेवा: सेव्ह, चेक, व्हॅलिडेट, इनिट. एक फाइल तुमची, एक आधीच्या कंत्राटदाराची, एक त्याच्याही आधीच्या, आणि तिन्हींत व्हॅलिडेट. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेला असलं खपत नाही, ते ‘कॅनॉट रीडिक्लेअर’ म्हणून तिथंच ठाण मांडतं. जावास्क्रिप्ट मोठ्या मनाची. मागून आलेल्याला ती मुकाट खुर्ची देते, आधीचा कुठं गेला ते कुणी विचारत नाही. गोव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नसावी.

नावांचा विषय निघालाच आहे तर ‘पुसा’ बटनाचं सांगतो. त्याच्यासाठी क्लिअर नावाचं फंक्शन लिहा आणि बटनाच्याच ऑनक्लिकमध्ये, म्हणजे क्लिक झाल्यावर काय करायचं ते लिहायच्या जागी, त्याला बोलवा. ऑनक्लिकमधलं नाव ब्राउझर आधी त्या बटनात शोधतो, मग फॉर्ममध्ये, मग डॉक्युमेंटमध्ये, आणि सगळ्यात शेवटी बाहेर, जिथं तुमचं फंक्शन ताटकळत उभं असतं. आता डॉक्युमेंटपाशी क्लिअर नावाचं स्वतःचं एक जुनंपुराणं फंक्शन आहे आणि ते काहीही करत नाही. टोमणा नाही हा, एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथात तसंच लिहून ठेवलंय. लोक ‘पुसा’ दाबत राहतात, काहीही पुसलं जात नाही. याहून मजा हवी असेल तर फंक्शनला ओपन नाव द्या. मग डॉक्युमेंटचं ओपन चालतं आणि भरत आणलेला अख्खा फॉर्म पांढराफटक होतो.

आणि आता मुकुटमणी. फॉर्म पाठवायच्या बटनाला नाव द्या ‘सबमिट’. नेम म्हणून द्या, आयडी म्हणून द्या, दोन्ही चालतं. मग स्क्रिप्टमधून मोठ्या विश्वासानं फॉर्म डॉट सबमिट, म्हणजे फॉर्मचं स्वतःचं पाठवायचं फंक्शन, बोलवा.

काय होतं ते मी पाहिलंय. माझी भाची फोंड्याला असते. एका ठिकाणी अर्ज करायचा होता. कुठल्या ते विचारू नका, गोवा एवढासा, ज्यानं ते पोर्टल केलं तो कुणाचा तरी भावोजी निघायचा. शेवटची तारीख तीच. दुपारी वीज गेली ती चारला आली. फोटो, सही आणि दाखले प्रत्येकी २०० केबीच्या आत कोंबून झाले होते, दोनदा लॉगआउट होऊन सगळं पुन्हा भरून झालं होतं. मग फोन आला, “मामा, सबमिट दाबतेय, पण काहीच होत नाही. एरर पण येत नाही.”

मी म्हटलं आधी हेल्पलाइनला विचार. हेल्पलाइनवाल्यानं कॅशे क्लिअर करायला लावली. मग दुसरा ब्राउझर. मग, “मॅडम, सर्व्हरवर लोड आहे, रात्री अकरानंतर ट्राय करा.” सर्व्हरवर लोड! अरे बाबा, त्या सर्व्हरपर्यंत काही पोचतच नव्हतं. भाचीला एफ१२ दाबायला सांगितलं, कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो ती जागा, उघडायला लावला, आणि तिनं ती लाल ओळ वाचून दाखवली: ‘अनकॉट टाइपएरर, फॉर्म डॉट सबमिट इज नॉट अ फंक्शन.’

यात गूढ काही नाही. फॉर्मच्या आत ज्या नावाचं बटन किंवा रकाना असेल, त्या नावानं फॉर्मला हाक मारली की ब्राउझर ते बटन काढून हातात देतो. फॉर्मपाशी त्या नावाचं स्वतःचं फंक्शन असलं तरी ते झाकलं जातं. बटनाचं नाव सबमिट, म्हणून फॉर्म डॉट सबमिट म्हणजे ते बटन. बटन काही फंक्शन नव्हे, ते बोलावता येत नाही. नेटस्केपच्या जमान्यापासूनची ही खोड आहे. आज ती सुधारायची म्हटलं तर तिच्या भरवशावर उभी असलेली जुनी पानं कोसळतील, म्हणून कुणी हात लावत नाही. लावूही नये. खोड माहीत असणं हे तुमचं काम. ज्या कामाचे पैसे घेता ते काम.

शेवटी फॉर्मच्या मूळ प्रोटोटाइपमधलं, म्हणजे सगळ्या फॉर्मांच्या सामाईक नमुन्यातलं, सबमिट उसनं घेऊन तो अर्ज पाठवला. म्हणजे मी फोनवरून एकेक अक्षर सांगतोय, “एचटीएमएल सगळं कॅपिटल, फॉर्मचं एफ कॅपिटल, एलिमेंटचं ई कॅपिटल, मध्ये जागा सोडू नकोस गो, आता डॉट,” आणि पलीकडे ती पोर जीव मुठीत धरून टाइप करतेय. कारण एक अक्षर चुकून पान हललं तर पुन्हा पहिल्यापासून ते २०० केबी. अर्ज गेला. मग म्हटलं निदान कळवू तरी. हेल्पलाइनवाला म्हणाला, “सर, पोर्टलवर तिकीट रेझ करा.” तिकिटाचा फॉर्म उघडला. तोही त्याच साच्यातून काढलेला. बटन तेच, नाव तेच, दाबलं तर ढिम्म! दोष कळवायच्या फॉर्ममध्ये तोच दोष!

आणि ज्यांच्या घरात कन्सोल उघडून देणारा मामा नाही त्यांनी काय करायचं? सायबर कॅफेत बसून, पानामागं दहा-दहा रुपये मोजून स्कॅन केलेले दाखले पिशवीत घालून शेवटच्या बसनं घरी जायचं आणि आपल्यालाच कॉम्प्युटर कळत नाही असं समजायचं?

असो. उपदेश चालू होता.

तारखेच्या फंक्शनला महिना जसाच्या तसा द्या. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते, जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी १० दिवसांत ही भाषा उभी केली, तेव्हा ही सवय जावा या दुसऱ्या भाषेच्या डेट क्लासकडून जशीच्या तशी उचलली गेली. तुम्ही एक वजा करायला विसरलात की ३१ मेला जन्मलेल्याचा पाचवा महिना जून होतो, जूनला ३१ तारीख नाही, म्हणून ब्राउझर स्वतःच्या अकलेनं १ जुलै करून टाकतो. वयाच्या अटीत बसणारा बसत नाही, न बसणारा बसतो. फंक्शन तक्रार करत नाही. तुम्ही किती गोष्टी दिल्या, कुठल्या क्रमानं दिल्या, जावास्क्रिप्ट सहसा विचारत नाही.

सर्व्हरकडून अर्ज क्रमांक आणणाऱ्या फंक्शनपुढे ‘अवेट’, म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत थांब’, लिहू नका. पावतीवर ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’, म्हणजे उत्तर मागून येईल एवढं वचन, छापून येतं, तोही एक प्रकारचा क्रमांकच.

जुन्या स्क्रिप्टला ‘टाइप’ म्हणून ‘मॉड्यूल’ लावा, आधुनिक दिसतं. तिच्यातली फंक्शनं त्या फाइलीपुरतीच उरतात आणि पानावरच्या सगळ्या ऑनक्लिकांना ती एका रात्रीत दिसेनाशी होतात.

पैशांचं पान वेगळ्या खिडकीत उघडा. तेही क्लिकच्या क्षणी नको, ओटीपी तपासून, सर्व्हरचं उत्तर येऊन, चांगला वेळ गेल्यावर. तोवर क्लिकची पुण्याई संपलेली असते, ब्राउझर खिडकी अडवतो, विंडो डॉट ओपन नल परत करतो. उघडलीच खिडकी तर पुढची गंमत. बँकेतून परतलेल्या पानानं मागच्या पानातलं फंक्शन बोलवायचं की पैसे भरले. मागचं पान डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, परतीचं पान त्याच्याविना. ब्राउझरच्या लेखी हे दोन वेगळे ओरिजिन, म्हणजे दोन वेगळे पत्ते, एकानं दुसऱ्याच्या फंक्शनाला हात लावायचा नाही. तिथं पोस्टमेसेजनं निरोप धाडावा, आणि निरोप कुठून आला ते तपासून घ्यावं. त्याहून खात्रीचं म्हणजे बँकेच्या सर्व्हरनं थेट तुमच्या सर्व्हरला कळवावं आणि खिडकीच्या भरवशावर राहूच नये. पण मग ‘पैसे कापले, अर्ज पेंडिंग’ हा अनुभव लोकांना मिळणार कसा? ‘सात वर्किंग डेज’ कुणाला सांगणार?

आणि कळस चढवायचा तर प्रत्येक कॉल ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे चूक झाली तर झेलायच्या सोयीत, गुंडाळा आणि कॅचच्या महिरपी कंसात काहीही लिहू नका. अळीमिळी गुपचिळी. चूक झाली हे वापरणाऱ्याला कळत नाही, तुम्हाला कळत नाही, कन्सोलवर ती लाल ओळसुद्धा येत नाही. त्या दिवशी निदान ओळ तरी दिसली. नाहीतर अर्ज तिथंच मेला असता आणि आम्ही रात्री अकराची वाट बघत बसलो असतो.

हे रिकामे कॅच मी एकदोन ठिकाणी नाही पाहिले. माणसं हे जाणूनबुजून लिहितात. चूक दिसू नये म्हणून. दुरुस्त करायची अक्कल नाही असं नाही, दिसली तर करावी लागेल म्हणून.

बास झाला उपरोध. सरळ सांगतो. लाज वाटू द्या थोडी. वर जे सांगितलं त्यातलं एकही कठीण नाही. ब्राउझर तुम्हाला चूक, फाइल आणि ओळीचा नंबर लाल अक्षरांत आयतं देतो. ‘नॉट डिफाइन्ड’ म्हणजे या नावाचं इथं काही दिसत नाही: फाइल आली नाही, उशिरा आली, मॉड्यूलमध्ये अडकली किंवा स्पेलिंगात कॅपिटल चुकलं. ‘नॉट अ फंक्शन’ म्हणजे नाव सापडलं पण त्या जागी भलतंच काहीतरी बसलंय, ते काय आहे ते छापून बघा. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ म्हणजे जे शोधताय ते पानावर नाही, किंवा अजून आलेलं नाही. तीन वाक्यं आहेत. शाळेतलं पोर पाठ करील. तुम्ही वाचतसुद्धा नाही, खिडकी बंद करता आणि हेल्पलाइनवर वीसबावीस वर्षांच्या पोराला बसवता, ज्याला कॅशेपलीकडे काही शिकवलेलं नसतं. शिव्या तो खातो, बिल तुमचं पास होतं.

विंडोच्या एरर इव्हेंटला एक लिसनर, म्हणजे चूक होताच चालणारं फंक्शन, लावा, प्रॉमिसांसाठी अनहँडल्डरिजेक्शनला दुसरा, आणि चूक झाली की ती तुमच्या सर्व्हरकडे येऊ द्या. चारदोन ओळींचं काम आहे. पहिल्या तासात कळलं असतं की एकही अर्ज पोचत नाहीये. आणि पोर्टल सोडण्याआधी ऑफिसच्या वायफायवरून उठा, वाळपईच्या बसस्टँडवर जा, सहा-सात हजारांच्या मोबाइलवर स्वतःचा फॉर्म स्वतः शेवटपर्यंत भरा. पैसे भरेपर्यंत. पावती निघेपर्यंत. जमलं नाही तर ‘लाइव्ह’ म्हणून फीत कापू नका. आणि लोकांचा आरडाओरडा झाल्यावर मुदत चार दिवस वाढवून उपकार केल्याचा आव तर मुळीच आणू नका. ते चार दिवस त्यांचेच होते, तुम्ही खाल्ले.

बाकी कधी सुधाराल तेव्हा सुधारा, त्या बटनाचं नाव तेवढं आज बदला. ‘पाठवा’ ठेवा, ‘बटन१’ ठेवा, तुमच्या कुत्र्याचं ठेवा, पण सबमिट ठेवू नका.