पाठमोरा इतिहास

ज्या शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातुरात राहून आपण एका जुन्या बोट क्लबाचे माजी सदस्य आहोत, असे सांगताना मला अजूनही आवाज खाली घ्यावा लागतो. शेजारच्या काकांना मी हे पहिल्यांदा सांगितले, तेव्हा त्यांनी क्षणभर विचार करून अत्यंत सहानुभूतीने विचारले होते, "म्हंजे पाणी लागत न्हाई का त्येला?"

पुण्याला कॉलेजात असताना मी वल्हे मारायला शिकलो. योगायोगाने आमची अख्खी बोट मराठवाड्याची होती. 'बो', म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा वल्हेकरी, परभणीचा, दोन नंबरवर मी, तीन नंबर बीडचा, 'स्ट्रोक', म्हणजे सगळ्यांना लय देणारा चौथा, नांदेडचा आणि सुकाणू धरणारा कॉक्स औरंगाबादचा. शहराचे नाव पुढे बदलले, कॉक्सचा स्वभाव बदलला नाही. यांपैकी गोदावरीकाठचा म्हणून नांदेडकराला तेवढे पोहता येत होते. बाकीच्यांचा पाण्याशी संबंध रांग आणि घागर यांच्यापुरता होता.

गेली अनेक वर्षे आम्ही पाचजण आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो आणि त्याला स्नेहमेळावा म्हणतो. यंदा पाळी माझी होती, आणि त्यात क्लबाची स्मरणिका निघायची असल्यामुळे "तुमच्या बोटीचा इतिहास दोन पानांत लिहून पाठवा" असा निरोप माझ्याच नावाने आला होता. पाहुण्यांसाठी टँकर सांगणे आणि इतिहास लिहिणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात अंगावर आली. टँकरवाल्याने निदान वार तरी सांगितला.

सुरुवात भारदस्त व्हावी म्हणून मी थेट विलायतेपासून आरंभ केला. थेम्स नदीवरचा लिअँडर क्लब हा जगातल्या अतिशय जुन्या रोइंग क्लबांपैकी एक. पण त्याची स्थापना 1818 च्या सुमारास झाली, एवढेच सांगता येते. ते वाचून मला आपल्याकडच्या गुरुजींची आठवण झाली, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शाळेत घालताना सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावून टाकली. पुढे 1829 साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात पहिली शर्यत झाली, 1858 मध्ये कलकत्त्याचा रोइंग क्लब निघाला, आणि अशा रीतीने पाऊण पान भरल्यावर आमच्या बोटीकडे वळणे भाग पडले. तिथे गाडी अडली.

ती का अडली, हे समजण्यासाठी वाचकाला वल्हवणाऱ्याची बैठक माहीत असायला हवी. आमच्यासारख्या चौघांच्या बोटीत वल्हवणारे सगळे उलटे, म्हणजे बोट जिकडे निघाली आहे तिकडे पाठ करून बसतात. मागच्या टोकाला कॉक्स बसतो आणि एकट्याचे तोंड पुढे असते. त्याला वल्हे नसते, दम लागत नाही, घाम येत नाही. तो फक्त ओरडतो आणि सुकाणू वळवतो. आंतरराष्ट्रीय शर्यतीत दोन हजार मीटर अंतर असते, आमचे त्याहून पुष्कळ कमी होते. पण तेवढ्या अंतरात मी पाहिले काय, तर तीन नंबरची पाठ. त्याच्या बनियनला डाव्या खवाट्याखाली रुपयाएवढे भोक होते आणि प्रत्येक वल्ह्यासरशी ते लांबट होऊन पुन्हा गोल होई. आमच्या शेवटच्या मोठ्या शर्यतीचा, ईश्वरसाक्ष सांगतो, माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे.

उरलेला सगळा इतिहास कॉक्सचा. पहिल्या मेळाव्यात त्याने सांगितले, की आपण चांगली झुंज दिली. चौथ्या-पाचव्या मेळाव्यापर्यंत आपण दुसरे आलो होतो. मुलांची लग्ने झाली त्या सुमारास आपण अर्ध्या बोटीच्या अंतराने हरलो होतो, आणि आता गुडघ्यांची ऑपरेशने झाल्यावर ते अंतर वीतभर उरले होते. क्लबातल्या लाकडी फलकावर फक्त विजेत्यांची नावे असल्यामुळे त्याला अडवणारे कोणी नव्हते.

यंदा शनिवारी संध्याकाळी मंडळी आली. जेवण गच्चीवर ठेवले होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही यांचा समाचार घेऊन झाल्यावर, कोणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे, चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडण्यात आल्या आणि आम्ही जुन्या क्रमाने बसलो. वल्ह्यांच्या जागी दोन केरसुण्या, एक जाळी काढायचा बांबू आणि एक छत्री होती. समोर स्टुलावर कॉक्स बसला. चौघांच्या बोटीत कॉक्सचे वजन ठरावीक आकड्याच्या खाली नसावे असा नियम असे, आणि कॉलेजात तो खिशात दगड घालून काट्यावर उभा राहिल्याची वदंता होती. आता स्टुलाने कुरकुर केली. "रेडी ऑल!" असा त्याने आवाज दिला, तसा शेजारच्या गच्चीवरचा लाइट लागला.

दहा-बारा वल्ही मारून झाल्यावर सगळे धापा टाकू लागले. खुर्ची न वळवता मी तीन नंबरच्या पाठीलाच म्हणालो, "स्मरणिकेत काय लिहू?"

"लिही की, वीतभर अंतराने दुसरे," कॉक्स म्हणाला. "1877 साली ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत चक्क बरोबरीत सुटल्याचा निकाल दिला होता. पंचच झुडपाखाली झोपला होता म्हणतात. आपल्या वेळी पंच जागा असता तर आपलीही बरोबरीच होती."

आता उलटे बसण्यात एक सोय असते. आपण पुढे असलो, तर मागे पडलेल्या बोटी आपल्या तोंडासमोर आरामात दिसतात. आणि आपण मागे असलो, तर आपल्याच वल्ह्यांनी उठलेल्या भोवऱ्यांपलीकडे काही दिसत नाही. ही गोष्ट माझ्या मनात चाळीस वर्षे होती. ती बोललो नाही, याला कारण होते. वल्ह्याचे पाते पाण्यात तिरके घुसून अडकले, की दांडा उलटा छातीवर येतो. याला क्लबात 'क्रॅब' म्हणतात, आणि त्या शर्यतीत निम्म्या अंतरावर तो मलाच लागला होता. कॉक्सच्या इतिहासात तो तीन नंबरला लागला, आणि तीन नंबरने बिचाऱ्याने तो दर वर्षी मान खाली घालून सोसला.

"मला त्या दिवशी एकही बोट दिसली नव्हती," मी म्हणालो. "आणि क्रॅब माझा होता."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या पाठीमागून बो हळूच म्हणाला, "मलापण नव्हती दिसली."

"मला वाटलं, मला एकट्यालाच दिसली नाही," तीन नंबर म्हणाला.

स्ट्रोक काहीच बोलला नाही. तो चाळीस वर्षांपूर्वीसारखाच कॉक्सच्या तोंडाकडे बघत होता, आणि मला पहिल्यांदा लक्षात आले, की त्या दिवशीही ते तोंड त्याच्या समोरच होते.

"तुम्हाला काय दिसणार?" कॉक्स उसळून म्हणाला. "तुम्ही उलटे बसला होतात!"

तेवढ्यात टाकी भरली का ते पाहायला टँकरवाला जिना चढून वर आला. केरसुण्या घेऊन रांगेत बसलेली चार म्हातारी माणसे त्याने पाहिली, आणि नळी खांद्यावरून खाली घेत तो आदराने म्हणाला, "सायेब, पाणी सोडलंय. निघायचं आसंल तर निघा."

दुसऱ्या दिवशी मी मजकूर पूर्ण केला. चौघांनी वाचला, कॉक्सने दोनदा वाचला आणि सही केली. तीन बोटींच्या शर्यतीत आमचा दुसरा क्रमांक थोडक्यात हुकला, असे मी लिहिले होते. स्मरणिकेत ते तसेच छापून आले आहे, फक्त 'तीन बोटींच्या' हे दोन शब्द जागेअभावी गाळलेले दिसतात. मुद्रिते तपासायचे काम कॉक्सकडे होते.