दुसऱ्या डोसआधीची दोन मिनिटे

एंडोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने पोट आतून तपासताना, गुंगीचे औषध कोणी द्यावे, यावर महाराष्ट्रातल्या माझ्या डॉक्टर मित्रांमध्ये पुन्हा वाद सुरू आहे. भूलतज्ज्ञाखेरीज कोणी हात लावू नये, असे काहींचे ठाम म्हणणे आहे. तालुक्याच्या गावी प्रत्येक तपासणीला भूलतज्ज्ञ आणायचा कुठून, असे बाकीचे विचारतात. इंग्लंडमध्ये पोटविकारांचे काम करताना आणि शिकाऊ डॉक्टरांना हेच शिकवताना माझे मत असे झाले आहे की, प्रोपोफोल या पटकन गाढ झोपवणाऱ्या औषधाच्या बाबतीत पहिली बाजू बरोबर आहे. मिडाझोलाम या हलकी गुंगी आणणाऱ्या औषधाच्या बाबतीत मात्र ते देणाऱ्याला कोणी आणि कसे शिकवले, हे आधी विचारायला हवे.

मला कोणी शिकवले नव्हते. निवासी डॉक्टर असताना सत्तरीतल्या एका शेतकरी आजोबांना मी दोन मिलिग्रॅम मिडाझोलाम दिले आणि मिनिटभरात ते चुळबुळ करताना पाहून आणखी दोन दिले, कारण बाहेर बाकावर रुग्णांची रांग होती आणि वरिष्ठांना मी तसेच करताना पाहिले होते. खोलीत अंधार, सगळ्यांचे डोळे पडद्यावर; रक्तातला ऑक्सिजन घटतोय हे सांगणारा ऑक्सिमीटरचा आवाज खाली उतरत चालल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते वॉर्डबॉयच्या. हनुवटी उचलून धरली, ऑक्सिजन लावला, हाका मारत राहिलो, आजोबा वाचले.

शिरेतून दिलेल्या मिडाझोलामचा परिणाम साधारण दोन मिनिटांनी दिसू लागतो, पण तो पूर्ण चढायला पाच ते दहा मिनिटे लागतात. म्हणूनच साठीपुढच्या माणसाला सुरुवात अर्ध्या ते एक मिलिग्रॅमनेच करायची असते, आणि फेंटानिल हे तीव्र वेदनाशामकही द्यायचे असेल तर ते आधी देऊन थांबायचे असते, कारण ही दोन औषधे मिळून श्वास एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त दाबतात. मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना डोस मोठ्याने उच्चारायला लावतो, सिस्टर तो परत म्हणते, आणि दुसऱ्या डोसआधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दोन मिनिटे सगळे थांबतो. सुरुवातीला ती दोन मिनिटे त्यांना फार जड जातात.

इथली, म्हणजे इंग्लंडमधली, ही शिस्त मृत्यू मोजल्यावर आली आहे. एंडोस्कोपीतून उपचार केल्यानंतर 30 दिवसांत दगावलेल्या रुग्णांची देशव्यापी छाननी 2004 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे 14 टक्के रुग्णांना दिलेली गुंगी अयोग्य ठरली. डिसेंबर 2008 मध्ये मिडाझोलामच्या तीव्र कुप्या सर्वसाधारण विभागांतून काढून मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या कुप्या ठेवण्याचा आदेश निघाला. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यातली दुसरी सूचना: मिडाझोलामवरचा उतारा असलेले फ्लुमाझेनिल किती वेळा वापरावे लागले, याची नियमित नोंद ठेवायची. उतारा वारंवार लागत असेल, तर डोस जास्त होत आहेत हे कोणावर आरोप न करता कळते.

इथले सगळे तिकडे जसेच्या तसे न्यावे, असे मी म्हणणार नाही. इथल्या शिकाऊ डॉक्टरांना हात बसण्याइतक्या तपासण्या मिळवताना धडपडावे लागते, तर आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात रुग्णांची वानवा नसते. इथे जठराची तपासणी पुष्कळदा घशात फक्त फवारा मारून, रुग्ण जागा असतानाच होते. आपल्याकडे नातेवाईक ‘झोपवूनच करा’ म्हणतात, आणि समजावत बसायला निवासी डॉक्टरला सवड नसते. तपासणीनंतर इथे 24 तास गाडी चालवायची नाही आणि सोबत कोणी मोठे माणूस हवे, हे आधीच पक्के केलेले असते. आपल्याकडे तोच रुग्ण तासाभरात मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावी निघतो. फ्लुमाझेनिल द्यावे लागले असेल तर हे फारच धोक्याचे, कारण त्याचा असर मिडाझोलामच्या आधी ओसरतो आणि गुंगी वाटेतच परत चढू शकते.

प्रत्येक खोलीत कॅप्नोग्राफीचे, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून श्वासावर लक्ष ठेवणारे, यंत्र उद्याच येणार नाही, हे मला समजते. पण निवासी डॉक्टरच्या हाती मिडाझोलामची सिरिंज देण्याआधी त्याला काही आठवडे भूलतज्ज्ञाच्या हाताखाली मास्कने श्वास देण्याचा सराव करायला पाठवणे वैद्यकीय महाविद्यालयांना आजही जमेल. आणि खोलीत एक सिस्टर अशी हवी, जिच्याकडे बायोप्सीची बाटली नाही, फॉर्म नाही, फोन नाही. तिने फक्त रुग्णाच्या छातीकडे पाहत राहायचे.