द्वारका म्हणजे मेट्रो स्टेशन ना?

"द्वारका? ते दिल्लीतलं मेट्रो स्टेशन ना?" घरच्या ग्रुपवर भाच्याने पहिला मेसेज टाकला आणि त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली. बारशाला चार दिवस होते. मग नणंदेचा फोन आला. नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा ऐकून घेणं भाग होतं. "अगं, तू तिकडे बसून हौस करशील, पण पोरीला ते जन्मभर मिरवायचंय. दिया ठेव, द्विजा ठेव. द्वारका काय? आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या द्वारकाबाई!"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून सहज निघून गेलं. ताई मनाने वाईट नाहीत. पण सगळी मेख तिथेच आहे, असं मला तेव्हापासून वाटतंय. नाव जुनाट आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं वय मोजत नसतो. ते आता कोणाच्या घरात उरलंय, ते बघत असतो.

आजी आंघोळ झाली की सप्तपुऱ्यांचा श्लोक म्हणायची. अयोध्या, मथुरा, माया, काशी, कांची, अवंतिका, द्वारावती. यातल्या माया आणि अवंतिका आज कुठल्याही इंग्रजी शाळेच्या हजेरीपटावर सापडतील. परदेशातल्या मराठी घरांत तर मायाला फारच मागणी, कारण ते कोणालाही म्हणता येतं. ते हरिद्वारचं जुनं नाव, हे किती आईबापांना ठाऊक असतं कोण जाणे. काशी, मथुरा, द्वारका मात्र नऊवारीबरोबर ट्रंकेत गेल्या. श्लोक तोच, तीर्थं तीच, आणि दोघींची वरात निघाली तर तिघींना अडगळ.

ही नावं कोणी ठेवली, तेही बघा. पणजीला गावाबाहेर पडायचं म्हटलं तरी चार जणांना विचारावं लागायचं. काशी कुठली आणि द्वारका कुठली! निदान पोरीला हाक मारताना तीर्थाचं नाव तोंडी यावं, एवढा तिचा हिशेब. द्वारका हे माझ्या आजीचं नाव. तीही द्वारकेला कधी गेली नाही. तिची धाव पंढरपूरपर्यंत.

आम्ही हॅम्बर्गला राहतो. थोरला मुलगा इथल्या बालवाडीत जातो. त्याचं नाव आम्ही मोठ्या शहाणपणाने नील ठेवलं होतं, दोन्हीकडे चालेल असं. उत्तर जर्मनीत नील्स हे घरोघरचं नाव, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच तो नील्स झाला. आता तो स्वतःही तेच सांगतो. इतकं सोयीचं नाव ठेवलं की ते विरघळूनच गेलं.

त्याच्या वर्गातली बाकीची नावं ऐका: एमिल, फ्रीडा, कार्ल, इडा, आंटोन. खालच्या मजल्यावरच्या ऐंशी पार केलेल्या बाई एकदा म्हणाल्या, "ही सगळी माझ्या मावश्या-काकांची नावं आहेत. वर्गाबाहेर उभी राहिले की स्मशानातल्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं." शंभर वर्षांपूर्वीची नावं इथे झोकात परत आलीत. परत येत नाहीत ती मधल्या पिढीची, झाबिने, पेत्रा, ऊवे, युर्गन. म्हणजे आपल्याकडच्या संगीता, सुनीता, संजय, विजय. आजीचं नाव गोड आणि मावशीचं कंटाळवाणं, हे दोन्ही देशांत सारखंच. (माझं नाव या मधल्या ढिगातलंच आहे, म्हणून सांगत नाही.)

तेव्हा जर्मन लोक शहाणे आणि आपण फॅशनवेडे, असा निकाल मी लावणार नाही. केविनचं बघा. 1991 साली केविन हे इथलं मुलांचं सर्वांत लोकप्रिय नाव होतं. हॉलिवूडची कृपा. पुढे ते खालच्या थरातल्या घरांचं नाव ठरलं. 2009 मध्ये ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात प्राथमिक शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या नावांबद्दल विचारलं, तेव्हा एका शिक्षकाने उत्तर दिलं की केविन हे नाव नाही, रोगाचं निदान आहे. त्या पोराने अजून पाटी-पेन्सिल हातात धरलेली नाही आणि गुरुजींनी निकाल लावूनही टाकला! आमच्या पोळ्यावाल्या बाईंच्या नावात आणि यात मला तरी फरक दिसत नाही.

आणि फ्रीडा-एमिल तरी कोणाच्या घरात जन्मतात? शिकलेल्या, बऱ्या पगाराच्या, लाकडी खेळणी घेणाऱ्या आईबापांच्या. म्हणजे मीही आजीचं नाव आजीच्या प्रेमाने उचललं की इथल्या शेजाऱ्यांची हवा लागून? रात्री दूध पाजताना हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारलाय. नाशिकला राहत असते तर हे धाडस केलं असतं का? बहुधा नसतं केलं. तिथे मला द्वारकाबाई रोज भेटल्या असत्या, इथे फक्त आजीचा फोटो आहे. लांब राहिलं की जुनं सगळं चांदीचं दिसतं.

नोंदणीची गंमत वेगळीच. आपल्याकडे जन्मदाखल्यात नाव मागाहून घालता येतं, अगदी पंधरा वर्षांपर्यंत. इथे जन्म आठवड्याच्या आत कळवायचा आणि नाव फार तर महिन्याभरात. वर कार्यालयाला शंका आली तर ते नाव अडवू शकतात. किरण नावाच्या मुलीचं प्रकरण थेट घटना न्यायालयात गेलं होतं, कारण नावावरून मुलगा की मुलगी कळेना. 2008 च्या डिसेंबरात न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या गल्लीत दोन किरण असतात, एक दादा आणि एक ताई, आणि कोणाचं काही अडत नाही.

आमच्या कारकून बाईंनी संगणकावर शोधलं, देवळाचं शिखर आणि समुद्र पाहिला, आणि चष्म्यावरून विचारलं, "हे तर गाव आहे. तुमच्याकडे मुलींना गावांची नावं ठेवतात?" मी म्हटलं, सात गावांची ठेवतात. त्यांनी सातही लिहून घेतली आणि शिक्का मारला. जर्मनमध्ये डब्ल्यूचा उच्चार 'व' असाच होतो, त्यामुळे 'द'चा 'ड' सोडला तर नाव जवळपास शाबूत राहिलं.

बारसं फोनवर झालं. पाळणा भाड्याचा, घुगऱ्या इथल्या तुर्की दुकानातल्या हरभऱ्यांच्या. पत्रिकेतल्या अक्षरांचा नाद आम्ही आधीच सोडला होता. हस्त नक्षत्र, आणि अक्षरं आली पू, ष, ण, ठ. 'ण'वरून नाव सुचवा म्हटल्यावर ग्रुप दोन दिवस शांत होता. ताईंनी तिकडून कुर्रर्र केलं, मी फोन पोरीच्या कानाशी धरला, आणि 'द्वा' म्हणताना नेट अडकलं. ताईंचं तोंड तसंच उघडं, पोर टकामका बघतेय. मिनिटभराने उरलेलं 'रका' आलं.

आता ती आठ महिन्यांची आहे. ताई तिला द्वारकी म्हणतात, आजीला तिच्या माहेरी म्हणायचे तसं. ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

परवा त्यांनी फोन स्वयंपाकघरात नेला. द्वारकाबाईंना बाळ बघायचं होतं. हाताला कणीक, पदराने चेहरा पुसून त्या पडद्यात डोकावल्या. "खरंच द्वारका ठेवलं व्हय? कागदावर पण?" मी म्हटलं, कागदावर पण. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मी विचारलं, तुमच्या नातीचं नाव काय ठेवलंत?

"शनाया," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं पोराला. द्वारकाबिरका नको म्हटलं."