गिरणीचा संघ नक्की कुणाचा? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावोगावच्या हौशी बेसबॉल संघांवरचा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमचे आक्षेप दोन: कामगार मुठीत राहावेत म्हणून गिरणीमालकांनीच हे संघ पोसले, आणि लेखात काळे खेळाडू कुठेच नाहीत.

दुसरा आक्षेप पूर्णपणे मान्य. मी सरसकट ‘गावाचा संघ’ लिहून गेले, पण त्या ‘गावात’ काळी वस्ती धरलेलीच नव्हती. सूतकताई-विणकामाची कामं गोऱ्यांसाठी राखीव होती. साऊथ कॅरोलिनाने १९१५ साली तर कापडगिरणीत गोऱ्या-काळ्यांनी एका खोलीत काम करायलाच कायद्याने बंदी घातली. मग गिरणीच्या संघात काळा मुलगा येणार कुठून? त्यांचे संघ वेगळे होते. १८८६ मध्ये दक्षिणेतल्या काळ्या खेळाडूंची स्वतंत्र लीगही उभी राहिली. अलाबामात विली मेजचे (पुढे बेसबॉलमधला महान काळा खेळाडू ठरला तो) वडील पोलाद कंपनीच्या संघात खेळायचे. हे सगळं लेखात यायलाच हवं होतं.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच पटतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या सॅलिस्बरीच्या तुरुंगात अमेरिकन यादवी युद्धातले उत्तरेचे कैदी १८६२ मध्येच बेसबॉल खेळत होते, त्याचं चित्र उपलब्ध आहे. अटलांटात १८६६ साली दोन स्थानिक क्लबांचा सामना १२७-२९ असा सुटला. (हातमोजे नाहीत, चेंडू खालून टाकायचा, धावा होणारच.) गिरण्यांचा सुकाळ आला १८८० नंतर. मालकांनी खेळ आणला नाही. लोक खेळत होते, तिथे त्यांनी पैसा ओतला.

तो कशासाठी ओतला, याबद्दल तुमच्याशी वाद नाही. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, चर्चलाही कंपनीचा पैसा. पुढे बेसबॉलमध्ये मोठं नाव कमावलेला जो जॅक्सन साऊथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या ब्रँडन मिल या कापडगिरणीत लहानपणीच कामाला लागला. शाळा नाही, त्यामुळे लिहिता-वाचता कधीच आलं नाही. तेराव्या वर्षी तो गिरणीच्या संघात मोठ्या माणसांबरोबर खेळत होता. आठवडाभर कापसाच्या धुरळ्यात राबलेला हा मुलगा शनिवारी दुपारी मैदानात उतरला की सगळी वस्ती त्याला बघायला लोटायची. त्या दुपारीही तो मालकाचाच नोकर होता, एवढंच म्हणून मला थांबता येत नाही. आपल्यातलाच एक पोरगा चेंडू कुंपणापार धाडतोय, याचा त्या बाया-माणसांना झालेला आनंद मालकाच्या पगारपत्रकावर नव्हता.

त्याची ती प्रसिद्ध काळी बॅटही मालकाने दिलेली नव्हती. ग्रीनव्हिलच्याच चार्ली फर्ग्युसन यांनी ती हिकरीच्या लाकडातून घडवली होती.

काळ्या संघांचा भाग मी मूळ लेखात घालते आहे. तो वाचून पुन्हा लिहा.