टेपचा फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकू नका

"जुन्या गाडीचा टेप घरीच दुरुस्त करा" असा एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. त्यात चार उपाय आहेत: फ्यूज सारखा उडत असेल तर १५ अँपिअरच्या जागी ३० चा टाका, सेव्ह केलेली स्टेशनं पुसली जात असतील तर लाल-पिवळी वायर एकत्र करून डायरेक्ट करा, घुंई आवाज येत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा) गेला, आणि आवाज वाढवल्यावर सेट बंद पडत असेल तर सेट संपला, नवीन घ्या. यातल्या पहिल्या उपायाने गाडी पेटू शकते म्हणून एवढं टाइप करत बसलोय.

आधी फ्यूजचं. फ्यूज सेटला वाचवायला नसतो हो, वायरला वाचवायला असतो. १५ चा निळा फ्यूज काढून ३० चा हिरवा बसवला म्हणजे आता फ्यूजच्या आधी वायर वितळणार. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकांच्या गाडीचा डॅश उघडला, जळका वास येतो म्हणून, तर पिवळ्या वायरचं प्लास्टिक वितळून ब्रॅकेटला चिकटलेलं, आतली तांब्याची तार उघडी, आणि हिरवा फ्यूज मात्र शाबूत! काका त्याच गाडीतून नातवाला रोज शाळेत सोडत होते.

फ्यूज का उडतो ते आधी शोधा. सेटमागचा कपलर (सगळ्या वायरी जोडणारा प्लग) काढा, बरोबर अँपिअरचा फ्यूज टाका, तरी उडाला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे, नाही उडाला तर बहुतेक सेटमध्ये. फ्यूज वाया घालवायचे नसतील तर फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा, शॉर्ट असेल तोवर बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, मग वायरी एकेक हलवत जा, जिथे बल्ब विझला तिथे घोळ. आणि बॅटरी कधी उलटी लागली असेल किंवा जंप देताना प्लस-मायनस चुकलं असेल तर सेटच्या आतला प्रोटेक्शन डायोड शॉर्ट झालेला असू शकतो, तो काही रुपयांचा पार्ट असतो, त्यासाठी सेट फेकायची गरज नाही.

लाल-पिवळी. पिवळीला कायम बॅटरी असते, मेमरीसाठी, आणि लालला चावी फिरवल्यावरच करंट येतो. दोन्ही एकत्र केल्या की चावी काढली तरी सेट चालू राहू शकतो, अर्धा अँपिअर धरला तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, छोट्या गाडीची बॅटरी ३५ ची, दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागणार नाही. शिवाय करंट उलटा जाऊन लायटरचा सॉकेटही कायम जिवंत. मेमरी जात असेल तर चावी काढून पिवळीवर व्होल्टेज मोजायचा मीटर लावा, १२ व्होल्टच्या वर दाखवायला हवं. शून्य असेल तर तिचा फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत तो आतल्या दिव्याचाच असतो, दिवाही बंद असेल तर उत्तर मिळालं. आणि काही फोक्सवॅगनमध्ये कपलरवर या दोघींच्या जागाच उलट असतात, तिथे अदलाबदल करायची, एकत्र नाही करायच्या.

आता आवाज वाढवल्यावर सेट बंद पडणं, हे माझ्याच गाडीत झालं, गाडी २००३ ची. दुकानदार म्हणाला सेट गेला. मी मीटरची एक पिन सेटच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावून आवाज वाढवला तर १.८ व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर जायला नको, म्हणजे घोळ अर्थमध्ये होता. सेट बसवणाऱ्याने अर्थची (मायनसची) वायर रंग लावलेल्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली दाबली होती, त्यावर हिरवट थर चढलेला. काचपेपरने घासून पत्रा चकचकीत केला, वायरीच्या टोकाला नवीन लग (स्क्रूखाली बसणारी धातूची चकती) लावून घट्ट केलं, तोच सेट आजही वाजतोय.

घुंई आवाजाचंही बऱ्याचदा हेच असतं. ॲक्सिलरेटरबरोबर तो आवाज चढतो म्हणून लोकांना अल्टरनेटर वाटतो, पण आधी अर्थ बघा, वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची सिग्नल केबल पॉवरच्या वायरीपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. एवढं करूनही आवाज राहिला तर गाडी चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, १३.८ ते १४.४ च्या बाहेर असेल तर मग अल्टरनेटरवाल्याकडे जा.