पुढे ‘हेल्दी’, मागे साखरच

नाश्त्याच्या तयार गोड ओट्सच्या पाकिटावर पुढे ठळक ‘हेल्दी’ आणि घटकांची यादी मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत! डोकंच फिरतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून साखरच वेगवेगळ्या नावांनी तोडून लिहितात: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, आटवलेला फळांचा रस. प्रत्येक थोडं थोडं, त्यामुळे ओट्स पहिल्या नंबरावर. बेरीज करा, मग कळेल. वर सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचं प्रमाण, म्हणे ३० ग्रॅम! एवढ्याने पोट कुणाचं भरतं? त्या आकड्याकडे बघूच नका. १०० ग्रॅममागची साखर बघा, तिला ४ ने भागा, तेवढे चहाचे चमचे. त्यापेक्षा साधे ओट्स आणा, वर अख्खं फळ चिरून घाला. रस मात्र नको, गाळताना चोथ्याबरोबर बरंचसं फायबर जातं.