‘दहा दिवस सांगून सव्वीस लावले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

‘दहा दिवस सांगून सव्वीस लावले, शेवटी पत्ताही दिला नाही, नुसतं सुखरूप आहेत म्हणून बोळवण केली. फेसबुक तर मीही बघू शकतो,’ असं लिहून आपण माणसं शोधून देण्याच्या आमच्या कामाला एक तारा दिलात. मनस्ताप झाला, माफ करा. मधले काही दिवस आपले फोन उचलले गेले नाहीत, ही आमचीच चूक.

पण सव्वीस दिवसांचा हिशेब आपण अर्धाच मांडलात.

पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, आपण ज्यांना शोधताय त्यांच्या हातात कसब कोणतं, अडचणीत उसने कुणाकडे मागायचे, आधी कुठे कुठे राहिले. आपण वैतागलात. साहेब, ज्याला सापडायचंच नसतं तो सिमकार्ड बदलतो, अकाउंट बंद करतो, नावसुद्धा बदलतो. कसब मात्र बदलता येत नाही, पोटासाठी तेच काम धरावं लागतं. आणि एखादं तरी माणूस तोडवत नाही. स्वतःचं अकाउंट बंद, पण कुणाच्या तरी भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे अर्धा चेहरा दिसतो. तो फोटो कुणी टाकला, खाली टोपणनावाने कोण हाक मारतंय, हे आम्ही रात्र-रात्र बघतो. आपण म्हणता ते ‘फेसबुक बघणं’ हेच.

सातव्या दिवशी आम्ही त्यांच्या एका जुन्या मित्रापर्यंत आलो होतो. त्याला अजून काही विचारलंही नव्हतं, नुसतं लक्ष होतं. आठव्या दिवशी आपण स्वतःच त्याला फोन करून ‘मला सगळं कळलंय’ असा दम भरलात. काम चालू असताना ओळखीतल्या कुणालाही फोन करायचा नाही, ही आमच्या कागदावरची पहिली अट आहे आणि खाली आपली सही आहे. त्याच रात्री मित्राचं प्रोफाइल लॉक, नंबर बंद. मग जुने घरमालक, जुने मालक, त्या धंद्यातली माणसं (धंदा कोणता ते इथे लिहीत नाही) असं पहिल्यापासून फिरावं लागलं. वाढलेल्या दिवसांचे पैसे घेतले नाहीत, हे लिहायचं राहिलं वाटतं.

‘मोबाइलचं लोकेशन काढा’ म्हणालात, तेही केलं नाही. ते पोलिसांचं काम. पैसे घेऊन कुणी काढून देत असेल तर तो चोरीचा माल विकतोय.

राहिला पत्ता. सापडलेली व्यक्ती सज्ञान असेल तर तिला विचारल्याशिवाय आम्ही तो देत नाही, हेही आधी सांगितलं होतं. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला एका चाहत्याने डिटेक्टिव्हमार्फत वाहन खात्याच्या नोंदींतून एका तरुण अभिनेत्रीचा पत्ता मिळवला आणि तिच्या दारात जाऊन तिला गोळी घातली. नंतर १९९४ मध्ये अमेरिकेत त्या नोंदींवर बंधन घालणारा कायदा आला. आपण तसे आहात असं मुळीच म्हणत नाही. पण दारात कोण कशासाठी उभं राहील, हे आम्हाला कसं कळणार? आपण ज्यांना शोधत होतात त्यांनी पत्ता द्यायला नको म्हटलं. आपली चिठ्ठी मात्र हातात दिली आणि त्यांनी ती ठेवून घेतली.

यापुढे अधूनमधून कळवत राहायची काहीतरी सोय करतोय. आम्ही तिघंच आहोत साहेब, नवं काम येतं ते हे तारे बघूनच. चिठ्ठीचं उत्तर आलं तर त्याच दिवशी आपल्याला फोन करू, त्याचे पैसे नाहीत.